शिष्यवृत्तीचा पाहुणा

माझ्या आईला पाहुणा म्हणजे काय हे कळतं, आणि पाहुणा दारात आला की तिला दुसरं काही कळत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिला मूर्ख म्हणायची घाई कोणी करणार नाही. म्हणायचंच झालं तर मी म्हणेन. तो हक्क माझा आहे आणि तो मी गेलं वर्षभर मनातल्या मनात भरपूर वापरलाय.

आम्ही ताझा शहराच्या वरच्या, जुन्या गावात राहतो. दोन खोल्या आणि डोक्यावर गच्ची. बा पूर्वी गल्लीच्या भट्टीवर कामाला होते. घराघरांतून आलेल्या रोट्या भाजून द्यायचे. धुराने छाती गेली, तेव्हापासून ते भिंतीला टेकून बसतात आणि खोकतात. यम्मा, म्हणजे आई, पहाटे उठून पदर सुटलेल्या पोळ्या लाटते आणि वेशीपाशी विकते. मी नजवा, थोरली. खालच्या गावातल्या शिवणकारखान्यात पॅंटींना चेन लावते. शाळा मी केव्हाच सोडली, कारण दोघींना शिकवणं घराला झेपत नव्हतं आणि दोघींत हुशार कोण हे आंधळ्यालाही दिसत होतं. इब्तिसाम, माझी धाकटी बहीण. ती शिकली.

ती इतकी शिकली, की बारावीनंतर फेजच्या वैद्यकीय कॉलेजात तिला जागा मिळाली. यम्माने गच्चीवर जाऊन अशी काही किलकारी दिली, की खालच्या गावातल्या कबुतरांनीही जागा बदलली असेल. बांनी तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि पुढे तासभर खोकत बसले. मी रडले. आनंदाने, आणि थोडं दुसऱ्याही कशाने.

पण जागा मिळणं वेगळं आणि फेजमध्ये राहून खाणं वेगळं. सरकार गरीब विद्यार्थ्यांना मिन्हा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती देतं, नाही असं नाही. पण ती तीन-तीन महिन्यांनी येते, आणि पहिली तर चांगली थंडी पडल्यावर. तोवर विद्यार्थ्याने हवा खाऊन राहायचं. वसतिगृहातली खाट मिळाली तर मिळाली. शिवाय डॉक्टर व्हायला वर्षं किती लागतात, ती पुस्तकं किती महाग असतात, हे कारखान्यातल्या बायकांनी मला जेवणाच्या सुट्टीत इतक्या प्रेमाने ऐकवलं, की मला घास गिळवेना.

मग इब्तिसामच्या शिक्षिकेने एका संस्थेचं नाव सुचवलं. कोणा मोठ्या व्यापाऱ्याने काढलेली संस्था. गरीब घरातल्या हुशार मुलांचं सगळं शिक्षण ती करते. खोलीचं भाडं, जेवण, पुस्तकं, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत. अटी दोनच, मार्क आणि गरिबी. मार्क इब्तिसामकडे होते आणि गरिबी आमच्याकडे पिढीजात होती. मला वाटलं, हे तर आमच्याच मापाने शिवलंय.

कागद मी गोळा केले. कारखान्यातून बिनपगारी रजा घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. बांना उत्पन्न नाही याचा दाखला, घर भाड्याचं आहे याचा दाखला, आणि आम्ही इथेच राहतो याचा दाखला. शेवटचा दाखला मुकद्दम देतो. मुकद्दम म्हणजे सरकारचा आमच्या मोहल्ल्यातला माणूस. आमचे मुकद्दम सी बूशता; मोठ्या माणसाला आम्ही मानाने 'सी' म्हणतो. कोणाच्या घरात काय शिजलं आणि कोणाच्या घरात काहीच शिजलं नाही, हे त्यांना दारावरून जाताना वासाने कळतं. त्यांनी दाखला दिला आणि म्हणाले, "पोरी, तुमच्याइतकी लायक केस या मोहल्ल्यात दुसरी नाही." कागदावर आम्ही इतके सुरेख गरीब दिसत होतो, की मला चक्क अभिमान वाटला.

मग फोन आला. कागद पसंत पडले होते. आता संस्थेचा माणूस येऊन घर बघणार, चार प्रश्न विचारणार, आणि मग समिती ठरवणार. गुरुवारी, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर.

इब्तिसामने हे यम्माला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती.

"कुठून येणार म्हणालीस?"

"फेजहून."

"फेजहून!" यम्माचे हात परातीत थांबले. "या अल्ला. फेजची माणसं. त्यांना बसवायचं कुठे?"

"इथेच, यम्मा. जिथे आपण बसतो तिथे."

"या फाटक्या गादीवर?"

"फाटकीच गादी बघायला येतोय तो," मी म्हणाले. "तीच दाखवायची आहे त्याला."

यम्माने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू भर बाजारात डोक्यावरचा रुमाल काढला. "नजवा, तुझ्या बहिणीला बघायला माणूस येतोय. मुलगी बघायला येतात तेव्हा घर दाखवतात की घराची भोकं दाखवतात?"

"लग्नाला नाही गं बघत!"

"मग कशाला बघतोय? हिला घ्यायची की नाही हे ठरवायलाच ना? मग तेच झालं."

आमच्या गल्लीत मुलीला मागणी घालायला माणसं येणार असली, की सगळी गल्ली त्या एका घरात जाऊन बसते. माणसं नव्हे, सामान. एकीचे उशा-तक्के, दुसरीचा गालिचा, तिसरीची धूपदाणी. पाहुणे चहा पिऊन जातात, आणि अंधार पडायच्या आत ज्याचं त्याला परत. उसनं आहे असं कोणी कधी म्हणत नाही. म्हणणाऱ्याची जीभ झडेल असं म्हणतात. निदान त्याच्या मुलींची लग्नं तरी होत नाहीत. माझीच मागणी आली होती तेव्हा आम्ही अर्ध्या मोहल्ल्याच्या सामानात बसलो होतो. लग्न मोडलं, पण सामानाच्या पायी नाही.

सगळ्यात मोठी बैठक लल्ला हनियाची. भिंतीला भिंत लागून घर. तिचा नवरा स्पेनमध्ये शेतावर राबतो, वर्षातून एकदा येतो आणि घर भरून जातो. जरीच्या तक्क्यांची बैठक, चांदीचं चहाचं ताट, सोनेरी काठाचे पेले, गुलाबपाणी शिंपडायची सुरई. यम्माने एक ताट मागितलं. लल्ला हनियाने सगळंच दिलं. "असं कसं, रहमा? इब्तिसाम काय माझी मुलगी नाही?" असं म्हणत ती स्वतः तक्के डोक्यावर घेऊन आली. शेवटी दारातलं पायपुसणंसुद्धा तिने आणून दिलं. मी तेव्हा म्हटलं, शेजार असावा तर असा.

बुधवारी मी यम्माशी पुन्हा भांडले. "यम्मा, हा माणूस बघणार, आपण श्रीमंत आहोत असं लिहिणार आणि पोरीचं वाटोळं होणार. एवढं साधं तुला कळत नाही?"

"कागद दिलेस ना तू? कागदावर लिहिलंय ना सगळं, की आम्ही गरीब आहोत म्हणून?"

"लिहिलंय."

"मग तेच तोंडाने कशाला सांगायचं? एकदा सांगितलं, अब्रू गेली ती कागदावर गेली. घरात तरी राहू दे."

खरं सांगायचं तर, चुकीचं असून ते बोलणं मला बरोबर वाटलं, आणि त्याचा मला अजून राग येतो. इब्तिसाम कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना, नजवा. मार्क आहेत माझे."

गुरुवारी बांना गल्लीतल्या एका हाजींकडून मागून आणलेला पांढरा जेल्लाबा, पायघोळ झगा, चढवला. त्यात ते इतके रुबाबदार दिसत होते, की मला क्षणभर वाटलं हे माझे वडील नव्हेत, कोणी काझी बसलाय. हलवायाकडून उधारीवर बदामाच्या करंज्या आल्या, लोणी आलं, मध आला. ही उधारी नंतर मी चार महिने फेडत होते.

सी बूशतांबरोबर आलेला माणूस म्हणजे नुकती दाढी फुटलेला मुलगाच होता. नाव अनवर. हातात टॅब, पायात शहरी बूट. गालिचा बघून दारातच बूट काढावे की नाही, या विचाराने तो गांगरला.

"या बाळा, या, घर तुझंच आहे," यम्मा म्हणाली आणि त्याच्या हातांवर गुलाबपाणी शिंपडलं.

"मावशी, मला काही नको. आम्हाला घरोघरी खायची परवानगी नाही."

"कोण देत नाही परवानगी? त्याला घेऊन ये, त्यालाही वाढते. अल्लाची शपथ, हात न लावता उठलास तर मी तीन दिवस उपाशी राहीन."

पोरगा बसला. जरीच्या तक्क्यात बुडाला. सी बूशता त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी करंजी उचलली. त्यांनी तक्के ओळखले, ताट ओळखलं, बांच्या अंगावरचा जेल्लाबाही ओळखला. मी त्यांच्याकडे एकटक बघत राहिले. ते करंजीकडे बघत राहिले.

अनवरने टॅब मांडीवर घेतला आणि बांना विचारलं, "सी अल्लाल, तुम्ही काम काय करता?"

बांना खोकला आला होता, तो त्यांनी दाबून धरला. डोळे लाल झाले. "आता आराम करतोय, बाळा. पुष्कळ काम केलं. अल्लाची कृपा."

"घरात पैसे कुठून येतात?"

"अल्ला देतो," यम्मा म्हणाली. आमच्याकडे या प्रश्नाला हेच उत्तर असतं. पण आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नाही.

"म्हणजे अडचण वगैरे? कधी जेवणाची अडचण होते का?"

हे विचारताना तो बिचारा स्वतःच लाजला. यम्माने त्याच्या पेल्यात उंचावरून चहा ओतला, छान फेस आला. "जेवणाची? बाळा, माझ्या दारातून आजवर कोणी उपाशी गेलेलं नाही. काही कमी नाही आम्हाला. हे घे, मधात बुडवून खा."

त्याने लिहिलं. मला बोटावर ठिणगी पडावी तसं झालं आणि मी बोलून गेले.

"हे सगळं उसनं आहे."

सी बूशतांचं चावणं थांबलं.

"काय म्हणालीस, ताई?" अनवरने विचारलं.

"हे ताट, हे तक्के, हा गालिचा. आमचं यातलं काही नाही. तुम्ही येणार म्हणून मागून आणलंय. आमची गादी वर गच्चीवर आहे, हवी तर चला दाखवते."

यम्मा हसली. असं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. "थट्टेखोर आहे माझी थोरली. लग्न जमत नाही ना, म्हणून कुढते आणि काहीबाही बोलते."

अनवरने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. वाईट नव्हता तो. त्याने टॅब बाजूला ठेवला आणि सरळ इब्तिसामला विचारलं, "तू सांग. हे तुमचं आहे का?"

एक शब्द. तिने नुसतं "नाही" म्हणायचं होतं. एवढ्यावर तिची सगळी वर्षं उभी होती; पहाटे उठून केलेला अभ्यास, माझी सुटलेली शाळा, सगळंच. तिने यम्माकडे पाहिलं. यम्मा त्याचा भरलेलाच पेला पुन्हा भरत होती. बा जमिनीकडे बघत होते.

"आमचंच आहे," इब्तिसाम म्हणाली. "चहा घ्या ना, थंड होतोय."

त्याने बैठकीचे फोटो काढले, आभार मानले, खिशात यम्माने कोंबलेल्या करंज्या घेतल्या आणि उठला. बाहेर सी बूशता त्याला म्हणाले, "आता शेजारच्या घरी."

शेजारी? मी गच्चीवर धावले. लल्ला हनियाचा मुलगा जवाद. त्यालाही औषधशास्त्राला जागा मिळाली होती आणि त्यानेही तोच अर्ज केला होता. हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या गच्चीच्या झरोक्यातून खालचं सगळं ऐकू येतं, थोडं दिसतंही. लल्ला हनियाची बैठकीची खोली रिकामी होती. साफ रिकामी. भिंती, फरशी आणि एक गवती चटई. बाई डोक्याला फडकं आवळून त्या चटईवर बसली होती.

"नवरा?" अनवर विचारत होता.

"नवऱ्याचं नाव काढू नकोस, बाळा. समुद्रापलीकडे गेला. मी आणि हा पोरगा. बघ, बसायला द्यायला तक्क्याही नाही माझ्याकडे."

खोटं काय होतं त्यात? त्या घटकेला तिच्याकडे खरंच तक्क्या नव्हता.

तिने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. यम्मासमोर तर मुळीच म्हणणार नाही. पण ते पायपुसणं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी जवाद येऊन एकेक तक्क्या मोजून घेऊन गेला. तो माझ्याशी नेहमीसारखंच बोलला. त्याला काय वाटत होतं कोण जाणे.

महिन्याभराने इब्तिसामच्या फोनवर निरोप आला. निवड झाली नाही, शुभेच्छा. पलीकडच्या घरातून त्याच दुपारी किलकारी ऐकू आली, आणि आमच्या घरातून तिला साथ देणारी माझी आईच होती. शेजाऱ्याच्या आनंदात गप्प राहिलो तर दृष्ट लागते म्हणे. ती गेली, जवादच्या गालांचे मुके घेतले, आणि येताना त्यांनी दिलेली साखर घेऊन आली.

मी सी बूशतांना बाजारात गाठलं. "तुम्हाला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलला असतात तर?"

"पोरी, मी तुझ्या आईच्या घरी बसलो होतो. तिचा चहा माझ्या हातात होता." ते खरोखर दुखावले होते. "तिच्या तोंडावर मी म्हणू, की ताट तिचं नाही? मला मोहल्ल्यात राहायचंय."

"आणि इब्तिसामला कुठे राहायचंय?"

त्यांनी खांदे उडवले आणि कांदे निवडू लागले.

शेवटी मी संस्थेला फोन केला. फोन घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी आमचा अर्ज काढून पाहिला आणि म्हणाल्या, "मार्क तर फार छान आहेत हो. पण घरी सुबत्ता आहे, आईनेच सांगितलंय काही कमी नाही म्हणून. तुम्ही म्हणता तसं असेल तर एक मार्ग आहे. आईंनी मुकद्दमांसमोर लिहून द्यायचं, की ते सामान उसनं होतं आणि दिलेली माहिती खरी नव्हती. आठवड्याच्या आत पाठवा, मी समितीपुढे ठेवते."

मी पायऱ्या चढून धावत घरी आले. इब्तिसाम गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी एका दमात सांगितलं. माझं बोलून होईपर्यंत ती एकाच ओल्या सदऱ्याला चिमटे लावत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"नाही काय? नुसता अंगठा तर लावायचाय!"

"मुकद्दमांसमोर. यम्माने म्हणायचं, की मी खोटं बोलले, माझ्या घरात काही नाही, मी पाहुण्याला मागून आणलेल्या ताटात चहा दिला. नजवा, तू यम्माला ओळखतेस ना? मी डॉक्टर झाले नाही तर ती रडेल, आणि रडायचं थांबेल. पण तिच्यामुळे मी डॉक्टर झाले नाही हे तिला कळलं, तर ती पुन्हा कोणाला दार उघडणार नाही."

"आणि तू? तुझं काय?"

"माझं बघते मी."

"काय बघतेस, कपाळ? चेन लावशील माझ्या शेजारी बसून? मी शाळा कशाला सोडली, सांग मला. याच्यासाठी?" मी तिचा दंड धरून हलवला. मला तिला मारावंसं वाटत होतं. तिला, यम्माला, त्या करंज्या खाणाऱ्या मुकद्दमाला, आणि गरिबी बघायला गालिच्यावर बसणाऱ्या त्या पोरालाही. "मी सांगणार तिला. आत्ता सांगणार."

"सांग," इब्तिसाम म्हणाली. तिने दंड सोडवून घेतला. "जा, सांग."

मी खाली आले. ती माझ्या मागोमाग आली. यम्मा परातीपुढे बसली होती. बा डुलकी घेत होते. यम्माने वर पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. कित्येक दिवस मनात घोळवलेलं असावं.

"नजवा, मला एक कळलंय. त्या मुलाने शेवटचा पेला अर्धाच प्यायला होता. आठवतं? चुकलंच माझं. फेजच्या माणसाला चहा जास्त गोड लागतो. आणि नुसत्या चहावर कोण आपल्या मुलीला घेईल? जेवायला घालायला हवं होतं. पुढच्या वर्षी येईल ना तो पुन्हा? या वेळी कोंबडा कापते."

पुढच्या वर्षी कॉलेजातली जागा राहत नाही. हे तिला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी यम्माकडे पाहिलं. ती माझ्याकडे आशेने बघत होती, कारण घरात बाहेरच्या जगातलं कळणारी मीच.

माझ्या मागून इब्तिसाम पुढे झाली. तिने ओले हात पुसले, परातीसमोर बसली आणि कणकेचा एक गोळा उचलला.

"हो यम्मा," ती म्हणाली, "साखर जरा कमीच पडली होती."